ज्याची गाडी जाती, त्याचा नंबर

प्रिय इरा आणि निहार,

मागच्या रविवारी बोलता बोलता इरा म्हणाली, "आजी, हल्ली तुझा चेहरा मध्येच अडकत नाही. नवीन इंटरनेट घेतलंस का?" मी "नाही गं, तेच आहे" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. बसवंतअप्पा तेव्हा माझ्या मागेच उभे होते आणि त्यांच्यादेखत सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण बसवंतअप्पांना इंग्रजीत उतरवायचा मी एकदा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा ते फार शहाणे दिसायला लागले. ते शहाणे नाहीत असं नाही, पण त्या प्रकारचे नाहीत. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागे तुम्ही नांदेडला आलात, प्रवासाने थकून जिन्यापर्यंत पोचलात, आणि जिन्याच्या तोंडाशी एका उंच, सडपातळ माणसाने निहारच्या हातात एक पितळी बिल्ला ठेवला. त्यावर सात आकडा ठोकलेला होता. "आजीला भेटायचंय? बसा. वर दूधवाला हाय." निहारला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती. दूधवाला उतरेपर्यंत तुम्हाला बाकावर बसावं लागलं, आणि मी वरून हाका मारत होते तरी बसवंतअप्पांनी तुम्हाला सोडलं नाही.

बसवंतअप्पा नंबर देतात. नोकरी म्हणून देतात हे खरं, पण नोकरी नसती तरी दिले असते. तुमच्या आजोबांनी खालच्या मजल्यावर दवाखाना काढला तेव्हापासून ते इथे आहेत. मूळचे उदगीरचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सकाळी ते डबीला हात लावतात, डोळे मिटतात, आणि मग असा पुकारा करतात की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस त्यावर आपलं घड्याळ लावतो. "नंबर दोऽऽन!"

हो, दोन. बसवंतअप्पांचा पुकारा दोनपासून सुरू होतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "एक नंबर कुठे गेला?"

"एक माझ्या खिशात हाय, बाई."

"का?"

"एक कुणाचा नसतोय. कुणी उचलून आणलेलं दारातून आत येतं, त्याला बसवता येत न्हाई. त्याच्यासाठी ठेवलाय."

बहुतेक दिवस तसं कुणी येत नसे. तरी संध्याकाळी सगळे बिल्ले चिंचेने घासताना ते खिशातला एक नंबरही काढत आणि घासत. मी नीटनेटकी बाई आहे, माझ्या डब्यांवर नावं लिहिलेली असतात, त्यामुळे मला हे आवडलं. पुढे मात्र माझ्या लक्षात आलं की त्यांचे नंबर आल्या क्रमाने नसतात.

त्यांचा नियम असा: ज्याची गाडी जाती, त्याचा नंबर आधी. बाकावर माणूस बसला की बसवंतअप्पांचा पहिला प्रश्न "काय होतंय?" हा नसायचा. तो प्रश्न डॉक्टरांचा. त्यांचा प्रश्न, "कुठलं गाव?" इस्लापूर म्हटलं की त्यांना इस्लापूरची शेवटची एसटी कधी सुटते ते माहीत. नायगाव म्हटलं की ते म्हणणार, "नायगावला काय, गाड्याच गाड्या. बसा जरा." एकदा एका बड्या अधिकाऱ्याची बायको स्वतःच्या मोटारीतून आली आणि तिच्यापुढे इस्लापूरची एक म्हातारी आत गेली. बाई चिडल्या. "मी तिच्या आधी आलेय." बसवंतअप्पा अदबीने म्हणाले, "आलात की. पण तुमची गाडी तुमच्या दाराशी उभी हाय. ती तुमाला सोडून कुठं जाती?"

दुसरा नियम आमच्यासाठी होता: घरचे मागून. पंगतीत पाहुणे आधी जेवतात आणि वाढणारे शेवटी, तसं. मला एकदा सडकून ताप आला होता. खाली नवऱ्याचाच दवाखाना, मी थरथरत जिना उतरले, तर बसवंतअप्पांनी मला अठरा नंबर दिला. "घरचे मागून, बाई," ते म्हणाले, आणि स्वतःचा मफलर काढून माझ्या खांद्यावर टाकला. तुमचे आजोबा आतून हे ऐकत होते. तोच नियम त्यांनाही होता. त्यांचा डबासुद्धा शेवटचा पेशंट गेल्यावर उघडायचा, आणि त्यांच्यानंतर बसवंतअप्पांचा.

लग्न का केलं नाही असं त्यांना विचारलं की ते म्हणतात, "नंबर आला न्हाई." विचारणारे हसतात. तेही हसतात.

आता तुमची मधुरा आत्या लहान मुलांची डॉक्टर आहे आणि दवाखान्याचं छोटं हॉस्पिटल झालं आहे. बाकांच्या जागी खुर्च्या आल्या, एक्स-रे आला, काँप्युटरवरची बिलं आली. बसवंतअप्पांचं टेबल जिन्याखाली गेलं, एक्स-रे खोलीच्या जाड भिंतीला लागून. तिथे मोबाइलची रेंज अजिबात येत नाही. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, कारण बसवंतअप्पांना फोन येतो कुणाचा? एकीचाच येतो. अक्काचा.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून या भावंडांना अक्काने वाढवलं. ती उदगीरला, मुलाच्या घरी. त्यांच्या घरात बोलणं कानडी. अलीकडे अक्काचं विस्मरण वाढत चाललं होतं. सकाळी ती गप्प असे, दिवस कलला की तिला घरचीच माणसं परकी वाटत, पण दुपारचं जेवण झाल्यावर थोडा वेळ तिचं मन स्वच्छ असे. सून सुनंदा सकाळच्या शाळेत शिकवते. ती घरी आली, सासूला जेवू घातलं, की फोन लावून अक्काच्या कानाशी धरत असे. अक्काला बसू आठवायचा तो तेवढ्याच वेळात. आणि नेमका तोच वेळ आमच्या हॉलमध्ये सर्वांत जास्त गर्दीचा.

फोन यायचा तो हॉस्पिटलच्या वायफायवरून. हॉलच्या छताला एक पांढरी गोल वस्तू लावली आहे, तिला बसवंतअप्पा "चकती" म्हणतात. ती बसवायला फिरोज नावाचा इंजिनिअर आला तेव्हा त्याला अकरा नंबर मिळाला होता. "अप्पा, मी पेशंट नाही, मी वायफायवाला!" "असशील की. तुझी कुठं गाडी चुकून राहिली? बस." फिरोज इथलाच, देगलूर नाक्याकडचा. तो हसला आणि बसला, आणि तेव्हापासून त्या दोघांचं जमलं.

चकती चांगली होती, पण तिच्यावर सगळे एकदम तुटून पडत. हॉलमधले लोक मुलांना गप्प करायला कार्टून लावत, मोठी माणसं नाचाचे व्हिडिओ बघत, मधुराचे एक्स-रे लातूरच्या तज्ज्ञांकडे जात, बिलं अडकत, आणि या सगळ्यात अक्काचा आवाज तुटत असे. जिन्यावरून येता-जाता मला ऐकू यायचं. "बसू... ट... ता?" मग खरखर. बसवंतअप्पा मोठ्याने म्हणायचे, "आयतु, अक्का, आयतु!" ती रोज पहिल्यांदा एकच विचारायची, "बसू, ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. आयतु म्हणजे झालं. त्यांना ते पाठ होतं. पुढचे प्रश्नही पाठ होते: पाऊस आहे का, कधी येतोस. ऐकू आलं नाही तरी ते क्रमाने उत्तरं देत जात आणि फोन ठेवत.

"झालं बोलणं?" मी विचारत असे.

"झालं की. अक्का बरी हाय."

फिरोज एकदा म्हणाला की या चकतीच्या आत नंबर लावता येतात. कुणाचं आधी जाऊ द्यायचं, कुणाचं नंतर. हे ऐकल्यावर बसवंतअप्पांना दोन दिवस दुसरं काही सुचेना. आपल्यासारखंच काम करणारं कुणीतरी छतावर बसलं आहे आणि त्याला कुणी शिकवलेलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी फिरोजकडून टेबलावरच्या काँप्युटरमध्ये ते पान उघडून घेतलं आणि कुणाला न विचारता स्वतः कामाला लागले.

त्यांनी काय केलं ते आता सांगते. त्यांनी आपले दोन्ही नियम चकतीला लावले. लांबच्या गावचा माणूस आला की त्याचा फोन मागून घ्यायचा, सेटिंगमध्ये शिरून फोनचा लांबलचक नंबर शोधायचा, आणि तो एका बोटाने पहिल्या रांगेत टाइप करायचा. दुसऱ्या खेपेला तोच माणूस आला तर फोनचा नंबर वेगळाच. फिरोजने सांगितलं की नवे फोन स्वतःच नंबर बदलतात, ओळख लपवायला. बसवंतअप्पांना हे माणसाने दुसरं नाव सांगून दोनदा बिल्ला घेण्यासारखं वाटलं. "फोनाला कामून लाज वाटावी?" असं ते एका पेशंटला रागाने म्हणाले. तो बिचारा फोन खिशात घालून बाहेर गेला.

इथवर ठीक होतं. पण दुसरा नियम होता, घरचे मागून. मधुराचा काँप्युटर घरचा. बिलाचा घरचा. एक्स-रेचं मशीन तर अगदीच घरचं. हे सगळे त्यांनी शेवटच्या रांगेत बसवले. हॉलमध्ये आनंदीआनंद झाला. कार्टून पाण्यासारखं वाहायला लागलं. आणि मधुराचा एक एक्स-रे लातूरकडे निघाला तो निघालाच.

इस्लापूरचं एक तरुण जोडपं होतं. कडेवर तान्हं मूल, छाती घरघरत होती. लातूरहून निरोप आल्याशिवाय मधुरा त्यांना सोडायला तयार नव्हती. निरोप आला तेव्हा इस्लापूरची शेवटची गाडी गेली होती. मुलाला घाबरण्यासारखं काही नव्हतं, औषधावर भागणार होतं. पण मधुरा बाहेर आली ती लाल होऊन.

"अप्पा, माझं मशीन मागे कुणी टाकलं?"

"मी टाकलं, मधुताई. घरचं हाय म्हून."

"आणि पुढे कोण आहे?"

बसवंतअप्पांनी हॉलकडे पाहिलं. एक गृहस्थ पाय पसरून कुस्ती बघत होते.

"पाव्हणे," ते म्हणाले.

मधुराने त्या कुस्तीकडे पाहिलं. ती आत गेली. बसवंतअप्पांनी त्या जोडप्याला आपली खोली दिली, स्वतःच्या हाताने भाकरी करून वाढली, आणि स्वतः हॉलमधल्या खुर्च्यांवर झोपले. सकाळी मी खाली आले तर ते बिल्ले घासत बसले होते, घासलेलेच परत घासत होते.

"बाई," ते म्हणाले, "माझ्या हातानं गाडी चुकली."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी शेजारची खुर्ची ओढून बसले. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. चकतीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. मी म्हटलं, रविवारी फिरोजला बोलवा, आपण तिघं मिळून वाचू.

रविवारी आम्ही वाचलं. फिरोज म्हणाला, "अप्पा, एकेक फोन धरत बसू नका. हा डब्बा चार लाइनी करतो. एक बोलायची, एक बघायची, एक साधी, आणि एक मागची."

"मागची म्हंजे?"

"जिला घाई नाही ती. फोनचं अपडेट वगैरे. आज नाही तर उद्या."

"म्हंजे मुक्कामाची," बसवंतअप्पा म्हणाले.

मी पुस्तकातून सांगितलं, "पहिला मान बोलण्याला द्यावा, असं लिहिलंय. व्हॉइस."

"कामून? बोलणं तर हलकं असंल. सिनेमा जड."

"हलकंच आहे. पण सिनेमा घटकाभर थांबला तर पुढे चालू होतो. बोलताना अर्धा शब्द आता आला आणि अर्धा मागाहून आला, तर त्या मागच्या अर्ध्याचं काय करायचं? तो टाकूनच द्यावा लागतो."

बसवंतअप्पांनी पडद्यावरच्या पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे बोलण्याची गाडी जाती."

"हो. तसंच."

"मग असं सरळ कामून लिहीत न्हाईत?"

"आणि ही साधी रांग आहे ना, तिला बेस्ट एफर्ट म्हणतात. म्हणजे प्रयत्न करू, पण वचन देत नाही."

"नळाच्या पाण्यावानी."

"अगदी."

मग त्यांनी क्रम लावला. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा बघत होते. पहिल्या बिल्ल्यासारखी पहिली रांग जवळजवळ मोकळी ठेवायची, हे त्यांना फिरोजने सांगायच्या आधीच पटलेलं होतं. "समदे एकात घातले तर एकाला काय अर्थ?" पेशंटांची बोलणी पहिल्या रांगेत. मधुराचे एक्स-रे दुसऱ्या रांगेत, कारण त्यांच्यापायी इस्लापूरची गाडी चुकते हे आता त्यांना कळलं होतं. बिलं साधी. कार्टून आणि कुस्ती मुक्कामाला.

शेवटी फिरोजने विचारलं, "तुमचा फोन, अप्पा? पेशंटांच्यात टाकू का?"

"मी काय पेशंट हाय? टाक मागं. मुक्कामाच्यात."

"पण तुमच्या बहिणीचा फोन येतो ना? मागं टाकला तर बोलणंसुद्धा मागंच पडंल."

"येऊ दे की. माझी कोणची गाडी जाती?"

फिरोजने माझ्याकडे पाहिलं. मी "अप्पा" म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. "घरचे मागून, बाई." त्यांच्या मते विषय संपला होता.

हॉस्पिटल रुळावर आलं. मधुरा हसायला लागली. लातूरचे निरोप वेळेवर येऊ लागले. फक्त जिन्याखालून दुपारी तो मोठा आवाज येत राहिला, "आयतु, अक्का, आयतु!" आधी निदान तिची एक-दोन अक्षरं ऐकू यायची. आता बरेचदा नुसती खरखर, आणि त्या खरखरीला बसवंतअप्पा अंदाजाने उत्तर देत असत.

मग एक दिवस सकाळी शाळेतून सुनंदाचा फोन माझ्या घरच्या फोनवर आला. बोलू की नको असं चाललं होतं तिचं.

"काकू, मामांना ऐकू कमी येतं का हो?"

"नाही गं. का?"

"काल सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'नी यारू?' म्हणजे तू कोण. आता दुपारीपण कधी कधी विसरायला लागल्यात. आणि मामा म्हणाले, 'आयतु, अक्का.' त्यांनी परत विचारलं, तू कोण? मामा म्हणाले, 'इथं पाऊस न्हाई.'"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मला वाईट वाटलं, काकू. फोन ठेवल्यावर सासूबाई मला म्हणतात, कोण होता कुणास ठाऊक, पण जेवला म्हणाला, बरं झालं."

मी खाली उतरले. हॉल भरलेला होता. बसवंतअप्पा बिल्ले मांडत होते.

"बसवंतअप्पा, एक नंबर द्या."

ते ताडकन उठले. एक हात खिशात आणि नजर दाराकडे. "कोण आलंय?"

"आधी द्या."

त्यांनी तो बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. खिशात राहून राहून तो गरम झालेला होता. मी तो टेबलावरच्या त्यांच्या फोनवर ठेवला.

"बाई, हे काय?"

मी सुनंदाने सांगितलं ते सगळं सांगितलं. हलक्या आवाजात, पण एकही शब्द न गाळता. ऐकताना ते उभेच होते.

"घरचे मागून," ते शेवटी म्हणाले, पण नेहमीसारखं नाही. "अक्कानंच लावलाय तो नियम. तिच्याखाली आमी सहा जणं. ताटं कमी. ती नंबर लावायची, म्हंजे भांडायला नको. मी शेवटचा, सहा. अन् ती माझ्या मागून. पातेलं निपटून खायची. मी बगायचो."

"बसवंतअप्पा," मी म्हटलं, "अक्कांची गाडी निघालीय."

त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि बसले. गर्दी वाट बघत होती, दोन नंबरचा माणूस बिल्ला हातात घेऊन उभा होता, पण पुकारा झाला नाही. थोड्या वेळाने समोरचा गिरणीवाला पिठाने भरलेल्या अंगाने रस्ता ओलांडून आला. "अप्पा, दवाखाना बंद हाय का आज?"  मी वायफायवरूनच फिरोजला फोन केला. त्याने होता तिथूनच ते काम केलं. पहिल्या रांगेत एक कायमची जागा केली आणि तिला काय नाव देऊ म्हणून विचारलं. मी फोन बसवंतअप्पांच्या कानाशी नेला.

"अक्का," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यात थांबले. थांबले म्हणजे मुद्दाम थांबले, उगीच काही सांगत नाही. फोन वाजला. बसवंतअप्पांनी तो उचलला आणि पलीकडून आवाज आला, इतका स्वच्छ की पहिल्या ओळीतल्या बायकांनी माना वळवल्या. म्हाताऱ्या बाईचा आवाज, थोडा चिडका.

"नी यारू?"

बसवंतअप्पांनी या वेळी ते ऐकलं. त्यांचा हात डबीकडे गेला.

"मी बसू, अक्का."

"कोण बसू?"

"सहा नंबर."

पलीकडे शांतता. खरखर नव्हती, खरीच शांतता होती. या चकतीने आपल्याला काय दिलं ते मला तेव्हा कळलं. माणूस गप्प झालेला आणि आवाज तुटलेला, यातला फरक आता ओळखू येत होता.

"बसू," अक्का म्हणाली. "ऊट आयता?"

इतके महिने ते या प्रश्नाला "आयतु" म्हणत आले होते. ते खोटं होतं. शेवटचा पेशंट गेल्याशिवाय ते जेवत नाहीत, हे तुमच्या आजोबांच्या काळापासून आम्हाला माहीत आहे.

"इल्ला, अक्का," ते म्हणाले. "इन्नू इल्ला." नाही, अजून नाही.

त्यानंतर अक्काने त्यांना जे रागवलं ते सगळं मला कळलं नाही, कारण माझं कानडी बेताचंच आहे. पण एकही शब्द तुटला नाही. मान खाली घालून ते ऐकत होते. हॉलमधला एक गृहस्थ कौतुकाने शेजारच्याला म्हणाला, "अप्पाला रागवणारं बी हाय कुणी!"

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. त्यांना माहीत होतं की मी जिन्यात आहे.

"बाई," ते म्हणाले, "अक्का पहिल्यांदा पहिल्या पंगतीला बसली बगा."

मग पुढे पुकारा झाला.

ही बोलणी त्या थंडीपर्यंत चालली. काही दिवस अक्का त्यांना ओळखायची, काही दिवस नाही. ओळखलं नाही तर ते सांगायचे, सहा नंबर, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरायचं. एकदा नाही पुरलं, तर त्यांनी तिला सहाही भावंडांचे नंबर आणि नावं क्रमाने म्हणून दाखवली, आणि शेवटी ती म्हणाली, "त्यातला शेवटचा फार खादाड." त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत हसत होते.

अक्का गेली तेव्हा बसवंतअप्पा उदगीरला गेले आणि मातीचं सगळं उरकून परत आले. मधुराने घरी आराम करा म्हटलं तर म्हणाले, "घरी काय हाय?" पुकारा थोडा बारीक झाला होता. गिरणीवाल्याला पहिले काही दिवस घड्याळ लावता आलं नाही.

चकतीतली ती जागा तशीच रिकामी राहिली. फिरोज एकदा दुसऱ्या कामाला आला तेव्हा म्हणाला, "अप्पा, हे नाव आता काढू?" बसवंतअप्पा म्हणाले, "राहू दे." फिरोजने परत विचारलं नाही.

मग एका रविवारी, तुमच्याशी बोलून झाल्यावर मी वैतागून माझा टॅब टेबलावर ठेवला. इराचं तोंड उघडं राहून अडकलं होतं, आणि ती काय सांगत होती ते राहूनच गेलं होतं. तिच्या शाळेतल्या नाटकाचं काहीतरी. बसवंतअप्पा रविवारी सुट्टी असूनही चकतीचा दिवा बघायला येतात, ते आले होते.

"ती पाटी द्या हिकडं, बाई," ते म्हणाले.

"कशाला?"

"द्या तर."

ते टॅब घेऊन काँप्युटरपाशी बसले आणि एका बोटाने काही तरी करत राहिले. मी चष्मा लावून मागे उभी राहिले. अक्काच्या जागेत त्यांनी माझा टॅब बसवला होता.

"अहो, ती अक्काची जागा आहे."

"रिकामी ठिवून काय करायची? पंगतीत मांडलेलं पान रिकामं ठिवतेत का कुणी?"

"पण मी घरची आहे. घरचे मागून. तुम्हीच म्हणता."

त्यांनी आणखी एक बटण दाबलं.

"आणि मुलं तरुण आहेत, बसवंतअप्पा. त्यांची कुठली गाडी जातेय?"

तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काठी टेकून उभी होते. त्यांची नजर काठीवर गेली, आणि मग पुन्हा पडद्याकडे वळून ते म्हणाले, "पोरांची न्हाई, बाई."

तर इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. इंटरनेट तेच आहे. बसवंतअप्पा तेच आहेत आणि त्यांचा पुकारा अजून दोनपासून सुरू होतो. चकतीच्या पहिल्या रांगेत "अक्का" हे नाव अजून आहे. दर रविवारी तुम्ही माझ्याशी बोलता ते त्या जागेवरून.